पिवळी कांडी

उत्कर्षानं ओव्हनचं दार उघडलं, चिमट्यानं एक कांडी बाहेर काढली आणि खिडकीपाशी धरली. काचेसारखी नितळ राहायला हवी होती ती. झाली होती कोऱ्या चहासारखी. वरून चिकटही लागत होती.

“झालं कल्याण,” म्हणत ती स्टुलावर बसली.

बारामती एमआयडीसीतल्या या खोलीत तिची तीन वर्षं गेली होती. गाडीच्या दिव्यात एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकाला पोचवणारं, दिव्याच्या धगीतही पिवळं न पडणारं प्लास्टिक. एवढंच तर करून दाखवायचं होतं. पण दर खेपेला कुठं ना कुठं माशी शिंकायची. हा शेवटचा घाणा. जमला नाही, तर मालक मानसिंगराव हे कामच बंद करणार होते.

दारात फरिदाचाची येऊन उभी राहिली. लासुर्ण्याहून पहाटेच्या एसटीनं यायची, खोली आवरायची, कांड्या ओव्हनमध्ये मांडायची.

“ताई, काल माझा डबा आत सांडला. कालवणाचं तेल उडालं समदीकडं. मी पुसलं, पर तुमास्नी सांगायचं धाडस झालं न्हाय.”

ओव्हनमध्ये डबे ठेवू नयेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळेच ठेवत होते. उत्कर्षाचाही असायचा. पहाटे थापलेली भाकरी दुपारी गारढोण कोण खाणार?

तिनं मानसिंगरावांना फोन लावून झालेलं सांगितलं. ते स्पीकरवर खेकसले, “डब्यामुळं झालं असंल तर पुन्हा लावू टेस्ट. पण त्या बाईला उद्यापासून येऊ नको म्हणावं.”

उत्कर्षाच्या जिवात जीव आला. लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

“माझंच नाव राहू द्या, ताई,” फरिदा म्हणाली. “तुमची मेहनत वाया नगं जायला. माझ्या पोरीच्या, रेश्माच्या कॉलेजचं बघू कायतरी.”

उत्कर्षानं स्पिरिटच्या बोळ्यानं कांडी खसाखसा पुसली. तेल निघालं. एका टोकाला टॉर्च लावला. दुसऱ्या टोकाला उजेड पिवळाच आला. तिनं पुन्हा पुसली. मग शिकंज्यात आवळून करवतीनं मधोमध कापली. आत, जिथं तेल पोचणं शक्यच नव्हतं, तिथंही तोच रंग होता.

करवत खाली ठेवायला तिला वेळ लागला. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पुन्हा टेस्ट मिळाली असती, अजून काही महिने मिळाले असते.

“चाची, तुमच्या डब्यानं काही झालेलं नाही. प्लास्टिकच धगीला टिकलं नाही.”

“आईशप्पथ?”

“आत बघा की. सगळी पिवळी आहे.”

“या अल्ला, तुझे लई उपकार!” फरिदानं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. रडता रडता ती हसायला लागली. मग तिचं लक्ष उत्कर्षाच्या चेहऱ्याकडं गेलं, आणि तिनं घाईघाईनं पदर तोंडाशी धरला.

“असू द्या, चाची,” उत्कर्षा म्हणाली. “आपल्यातल्या एकीचं तरी काम वाचलं.”

आणि तिनं मानसिंगरावांना पुन्हा फोन लावला.