पडवीतला कॉम्प्युटर

मी हरिश्चंद्र परुळेकरांच्या पडवीतला कॉम्प्युटर बोलतोय. आज माझ्या आत या घरातल्या कुणाचं नावसुद्धा नाही. ते मुद्दाम पुसलेलं आहे, आणि झालं ते बरंच झालं.

२००१ साली कणकवलीच्या बाजारातल्या एका दुकानात मला जोडलं. हरिश्चंद्र तेव्हा कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. रिक्षातून मी घरी आलो, त्यांच्या पत्नी माईंनी कुंकू लावलं. मुलगी शिवांगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. तिची मेल आली की माई गॅस बंद करून धावत यायच्या. ‘मी बरी आहे,’ एवढंच ती लिहायची.

दोन वर्षांनी शिवांगी एक बॅग घेऊन माहेरी परतली. कुणाशी फारसं बोलेना. दुपारी माईंचा डोळा लागला की ती माझ्यासमोर बसे आणि वकिलांसाठी लिही. नवऱ्याने कसं मारलं, सासरच्यांनी कसं कोंडलं. एक वाक्य झालं की बराच वेळ नुसती बसून राही. आईला जे सांगवलं नाही, ते तिने माझ्यापाशी ठेवलं.

एका सकाळी हरिश्चंद्रांनी ओळखीच्या माणसाच्या नावाने आलेली मेल पाहिली. सोबतची फाईल उघडली, पण काहीच दिसेना, म्हणून ते चहाला उठून गेले. तो व्हायरस होता. त्याने माझ्यातली एक फाईल उचलली आणि ज्यांचे ज्यांचे पत्ते माझ्याकडे होते, त्या सगळ्यांना धाडली. ती शिवांगीची होती.

दुपारपासून फोन सुरू झाले. शेजारच्यांनी मात्र येणंजाणं बंद केलं. फाईल पुण्याला सासऱ्यांनाही पोचली होती. “आता ते उत्तरं तयार ठेवून कोर्टात येतील,” वकील म्हणाले. शिवांगीने बाहेर पडणंच सोडलं.

“माझ्याच हातान झाला ह्या! हो डबो फेकून देतंय,” म्हणत हरिश्चंद्रांनी माझ्या तारा उपटल्या.

दुसऱ्या दिवशी तळेऱ्याहून सुगंधामावशी आल्या. त्यांच्या मुलाने आलेली फाईल त्यांना वाचून दाखवली होती. चपला काढून त्या थेट शिवांगीपाशी जाऊन बसल्या.

“इतक्या सोसलंस गो, आणि आमका एक शब्द नाय?”

शिवांगी तेव्हा रडली. माईही रडल्या. सावरल्यावर ती वडिलांना म्हणाली, “बाबा, हेका टाकू नकात. वकिलांच्या मेल हेच्यावरच येतत. पण घरातला कायएक हेच्यात ठेवचा नाय.”

मग दुसरा, जुना कॉम्प्युटर आणून आतल्या खोलीत ठेवला. त्याला इंटरनेटसाठीची फोनची तार कधीच लावली नाही. फोटो, पेन्शनचे कागद, शिवांगीचं लिखाण, सगळं त्याच्याकडे. मला साफ पुसून इंटरनेटपुरतं पडवीत ठेवलं. वकिलांची मेल वाचून लगेच पुसायची आणि व्हायरस तिकडे जाऊ नये म्हणून माझ्यातली फ्लॉपी त्याच्यात घालायची नाही, असा शिवांगीने नियमच केला.

पुढे माझ्यात व्हायरस अनेकदा शिरले. पुसलं की झालं, न्यायला काही नव्हतंच. आतल्या खोलीतून मला शिवांगीच्या टायपिंगचा आवाज यायचा. हळूहळू तो न अडखळता येऊ लागला.

खटला लांबला. सासरच्यांनी खरंच उत्तरं तयार ठेवली होती. तरी घटस्फोट मिळून ती सुटली, आणि आता देवगडला कॉलेजात शिकवते.

२०१० उजाडलं. खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजलेत, पडदा अंधूक झालाय. या आठवड्यात मला भंगारात देतील.

तुमच्याकडे माझ्याहून वेगवान कॉम्प्युटर येईल. त्याच्यावर खुशाल जगभर फिरा. पण घरात कुणी मनातलं काही लिहीत असेल, तर ते त्याच्यात ठेवू नका. ते कुणाला वाचायला द्यायचं, कधी द्यायचं, हे तिचं तिला ठरवू द्या.