डाव्या पायांचे साचे

आमच्या सूनबाईंना एक खोड आहे. झालेल्या कामाला झालं म्हणायचं नाही. दाराला कडी घातली तरी पुन्हा जाऊन ओढून बघायची. घरात मी चालवून घेते. पण त्या दिवशी तिने भर कामाच्या वेळी अख्खा कारखाना बसवून ठेवला आणि वर मलाच म्हणते, आई, तुम्ही जरा पडा. माझी पाठ मोडून आली होती हे खरं, पण ते तिने मला सांगायचं?

कारखाना जोड्यांचा. ज्यांचे पाय वाकडे, आखूड, त्यांचे जोडे आम्ही करतो. ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, जन्मभर एकेका पायाचा लाकडी साचा कोरला. ते गेले आणि साच्यांना वाळवी लागली. लेकाने आधीच सगळे स्कॅन करून कोपऱ्यातल्या सर्व्हरमध्ये भरले होते म्हणून निभावलं. त्यावरून मशीन नवा साचा कापून देतं. पाय काय, पुन्हा मोजता येईल. पण बोटांशी किती सैल सोडायचं, टाच किती उचलायची, हे ह्यांनी घासून घासून ठरवलेलं. ते आता कोणाला विचारणार?

तर तो सर्व्हर अडला. लेकाने समजावलं ते असं, की आतल्या डिस्कचे दोन कप्पे. लहान तो सर्व्हरच्या स्वतःच्या कामाचा, मोठा तो आपल्या साच्यांचा. लहान गच्च भरलाय. मोठा थोडा आकसायचा, लहान वाढवायचा. मोठ्याची नक्कल त्याने बाहेरच्या डिस्कवर घेऊनही ठेवली होती. जेवणाच्या आत उरकतो म्हणाला.

सूनबाई म्हणाल्या, आधी त्या नकलेतून एक जोडी कापून बघू.

लेक चिडला. कप्पे सरकवताना चुकलं तर आतलं सगळं जातं, हे त्यानेच सांगितलेलं. पण चुकणारे आपण नव्हेच, हा त्याचा बाणा. माझ्यावर गेलाय. मीही त्याचीच री ओढली. कामगार हातावर हात धरून बसलेत, तुझं काय चाललंय, म्हटलं. तर ती म्हणाली, आपल्याकडे गिऱ्हाईक चालून दाखवेपर्यंत जोडा तयार म्हणत नाहीत ना? तसंच हे. ह्यांचाच नियम माझ्या पदरात घातला.

तिने बाहेरची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली आणि आमच्या एका गिऱ्हाइकाची, पोस्टमनची, साच्यांची जोडी मागवली. त्याचा डावा पाय आत वळलेला. उजवा साचा आला. डावा येईचना. दुसरं गिऱ्हाईक बघितलं, तिसरं बघितलं. सगळे उजवे. नकलेत एकही डावा पाय नव्हता.

लेकाचं तोंड उतरलं. स्कॅनर बसवताना उजव्या पायांची वाट त्याने मोठ्या कप्प्याकडे वळवली होती, डाव्यांची वळवायची राहून गेली. इतकी वर्षं ते लहान कप्प्यात पडत राहिले. पडद्यावर जोडी एकत्र दिसायची, म्हणून कोणाला पत्ता नाही. तो कप्पा भरला होता तो आमच्याच डाव्या पायांनी.

कप्पे सरकवताना चुकलं असतं तर ते डावे पाय कायमचे गेले असते.

पुढचं सगळं तिच्या चालीने. दोन्ही कप्प्यांची नक्कल घेतली. त्या नकलेतून पोस्टमनचे दोन्ही साचे कापले, हाताने चाचपले. मग सर्व्हरला बॅटरीची जोड दिली, की मध्येच वीज जाऊ नये. तो बंद करून पेनड्राइव्हवरून चालू केला, कारण वापरात असलेला कप्पा हलवायचा नसतो म्हणे. मग कप्पे सरकवायला घेतले; किती झालं ते दाखवणारी एक पट्टी पडद्यावर सरकायला लागली. सरकते कसली, रांगतच होती. माझी पाठ ठणकत होती. लेक भिंतीला टेकून उभा. ती तेवढी खुर्चीवरून हलली नाही.

पट्टी भरली. सर्व्हर उठला. डावे पाय तिने मोठ्या कप्प्यात नेले, स्कॅनरची वाट दुरुस्त केली. एवढं होऊनही बाई पुन्हा एक जोडी कापायला निघाली. मी अडवलं नाही. डावा साचा मशीनमधून बाहेर आला, तो मीच उचलला. टाचेशी ह्यांनी दिलेला उठाव होता तसाच अंगठ्याला लागला.

मग मी तिला समोर बोलावलं.

"तुझं हे रेंगाळणं मला सोसत नाही, पुढेही सोसणार नाही. पण ह्यांच्या हातचं जे काही उरलंय ते आजपासून तुझ्या ताब्यात. माझा लेक न विचारता हात लावायला आला, तर मला हाक मार."