गोळी की टाके

“एवढीशी गोळी, आणि हुकूम बघा तिचा साऱ्या घरावर!”

स्वयंपाकघर इतकं चिंचोळं की ओट्यापाशी ती आणि मागे टेबलापाशी नवरा, अशी दोघं पाठीला पाठ लावूनच वावरायची. त्यामुळे तो स्वतःशी पुटपुटला तरी ते तिच्या कानातच पुटपुटल्यासारखं व्हायचं. सकाळची गोळी उपाशीपोटी घ्यायची, मग अर्धा तास चहाकडे नुसतं बघायचं. बघायचाही अगदी मन लावून, जसा काही चहा परीक्षेला बसलाय आणि हा त्याच्यावर देखरेख करतोय.

“मग काय ठरलं?” तिनं पाठमोरीच विचारलं. “आज दवाखान्यात फोन करून सांगायचंय.”

“आधी चहा दे.”

“वेळ नाही झाली अजून.”

“माझी सासूसुद्धा एवढी कडक नव्हती गं.”

नवरा फरशी बसवणारा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, आणि आता रागात असो की लाडात, तीही मिस्त्रीच म्हणायची. गेली काही वर्षं त्याच्या पोटातलं आंबट छातीत, घशात वर यायचं. आधी शेजारणींनी सांगितलेले उपाय झाले, मग दुकानातल्या गुलाबी बाटल्या, मग रीतसर डॉक्टर, दुर्बीण, तपासण्या. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा गेल्या आणि दोघंही झोपेत घसरत घसरत पायथ्याशी गोळा होऊ लागली. “लग्न ठरलं तेव्हा घसरगुंडीचं बोलणं नव्हतं झालं,” असं ती म्हणायची. गोळ्यांनी जळजळ शमली खरी. पण वाकलं की आंबट वर यायचंच.

डॉक्टरीणबाईंनी गेल्या आठवड्यात नीट बसवून समजावलं होतं. गोळी पोटातलं आम्ल कमी करते, पण अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाशी सैल पडलेली झडप काही घट्ट करत नाही. ती वर्षानुवर्षं घेता येते, लागेल तेवढीच, अधूनमधून दाखवून. ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा भाग नळीभोवती गुंडाळून त्या झडपेला आधार देतात. बारीक छिद्रांतून करतात, पण ऑपरेशन ते ऑपरेशन. सुरुवातीला घास अडकतो, पातळ खावं लागतं, ओझं उचलायचं नाही. ढेकर अडून पोट फुगतं. आणि एवढं करून काही जणांना पुढे पुन्हा गोळी लागतेच.

“ढेकर येणार नाही?” मिस्त्रीनं सगळं सोडून नेमकं तेवढंच धरलं.

“पहिल्यासारखी येईलच असं नाही.”

“मग स्वयंपाक आवडला हे हिला कळणार कसं?”

“तोंडानं सांगा,” ती म्हणाली. “आयुष्यात एकदा तरी.”

डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, “रस्ते दोन्ही बरोबर आहेत. तुमच्या जगण्याला कुठला मानवेल, ते तुम्ही ठरवा. एक विचारू? कामात वाकणं कमी करता येईल? तसं झालं तर गोळ्यांवर बरंच भागेल.”

“नाही.”

वाक्य संपतं न संपतं तोच मिस्त्रीचं उत्तर आलं होतं. ती तेव्हा भिंतीवरच्या जठराच्या चित्राकडे बघत बसली. नवऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

मिस्त्री आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघं एकत्र काम करायचे. थोरल्याची फरशी, धाकट्याची भिंत. सासरे गेले ते ही वाटणी करूनच. भिंत उभ्यानं लावता येते, फरशीला गुडघे टेकून मान खाली घालावी लागते, आणि तरी मान फरशीवाल्यालाच. न्हाणीघर झालं की मिस्त्री कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतायचा आणि हाताची घडी घालून उभा राहायचा. पाणी कुठेही न रेंगाळता जाळीत गेलं की मालकाकडे एकदाच बघायचा. तेवढंच त्याचं बक्षीस.

हल्ली तो पाणी ओतत नव्हता. “सुकू दे, उद्या बघू,” म्हणून लवकर घरी यायचा.

का, ते तिला धाकट्यानं सांगितलं होतं. मागच्या दारी, आवाज खाली आणून. “वहिनी, दादाच्या फरशीवर पाणी थांबतं. वाकला की घशाशी येतं त्याच्या. दर दोन फरश्यांमागे उठतो, पाणी पितो, परत बसतो, आणि तोवर हात चुकलेला असतो. खालचा सिमेंटचा माल ओला असतो तोवर मी उकरून परत बसवतो. तुम्ही बोलू नका हं त्याला.” मग ती बोलली नाही. धाकटाही नाही. घरात बोलणं एकच, गोळी की टाके. नणंद गोळीच्या बाजूची, नणंदेचा नवरा टाक्यांच्या. घराघरांत तट पडले होते, आणि फरशीचं नाव कुणी काढत नव्हतं.

दारावर थाप पडली. धाकटा आला, कामावर न्यायला. बूट दाराशी काढून टेबलापाशी बसला.

“दादा, गोळ्याच बऱ्या बघ. कशाला कापाकापी?”

“ठरलंय माझं. ऑपरेशन. महिना-दीड महिना घरात लोळेन, मग पहिल्यासारखा वाकेन.” मिस्त्रीनं फोन पुढ्यात ओढला.

तिनं चहाचे कप ठेवले. ऑपरेशनचं तिला भय होतंच, कुणाला नसतं. पण तो बरा होणार असेल तर तिनं रोज पेज करून भरवली असती, फुगलेल्या पोटाचे रुसवे काढले असते. तिला घोर होता तो वेगळाच. ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार हा, आणि कशापायी?

“पोटासाठीच करताय ना?” तिनं विचारलं.

“नाहीतर काय, हौस म्हणून?”

“तसं असेल तर मी उशापासून हलणार नाही. पण...”

टेबलाखालून धाकट्याचा पाय तिच्या पायाला लागला. मिस्त्रीनं नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली, ती तिघांनाही ऐकू येत होती. कुणी उचलायच्या आत त्यानं फोन बंद केला.

“काल काम सुटल्यावर मागे का राहिलास रे?” त्यानं धाकट्याला विचारलं.

“मी? ते... न्हाणीघराच्या भिंतीच्या सांधी भरायच्या होत्या.”

“त्या न्हाणीघराला भिंतीवर फरशी नाहीच. नुसता रंग आहे.”

धाकट्यानं कपात तोंड घातलं. चहा भाजला तरी त्याला वर बघवेना. तिला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तिनं उगीच ओट्यावरचं फडकं उचलून कोरडं टेबल पुसायला घेतलं.

“ठेव ते फडकं,” मिस्त्री म्हणाला. आवाजात राग नव्हता. “तुम्ही दोघं मला काचेचा समजून जपताय, ते दिसतंय मला. पहिल्या दिवसापासून दिसतंय. दोन फरश्यांमधली त्याची सांध बारीक असते, माझी जरा रुंद. स्वतःची फरशी ओळखणार नाही का मी?”

तिनं फडकं खाली ठेवलं.

“ऑपरेशननं झडप घट्ट होईल, बाई सांगतात ते खोटं नाही. पण हात? नजर? ते कोण गुंडाळून देणार?” मिस्त्रीनं आपले तळवे टेबलावर पालथे ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. मग मान वर करून आधी बायकोकडे पाहिलं, नंतर भावाकडे.

“माझ्याच्यानं आता फरशी होत नाही रे.”