व्याह्याचं प्लास्टर

"याहीबुवा, टेकू कुठं शेत?"

हिलालने हे तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदाही रामदास नुसता हसला. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तो बशीतून चहा फुरक्या मारत पीत होता. त्याची दोन माणसं कोपऱ्यातल्या खांबावर थापीने सिमेंट थापत होती. वर पाच मजले, वीस बिऱ्हाडं, आणि खाली आधाराला एकसुद्धा टेकू नाही!

"टेकू कसाले पाहिजेत?" रामदास म्हणाला. "खांब काय पळी जाई राहिना का? तुम्ही चहा प्या."

हिलालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करतो काय? रामदास हा कोणी साधा ठेकेदार नव्हता, त्याचा व्याही होता. हिलालची एकुलती एक लेक धनश्री शहरातच, बमरोलीला, रामदासच्या घरात सून म्हणून नांदत होती. मुलीच्या बापाने व्याह्याला उलटून बोलायचं नसतं, ही अक्कल खानदेशातला माणूस आईच्या दुधाबरोबरच पितो. हिलालनेही प्यायली होती, आणि आज ती त्याच्या घशाशी आली होती.

बरं, कामातलं कळत नाही म्हणावं, तर तेही नाही. हजीऱ्याच्या बंदरात एका कंपनीच्या धक्क्यावर हिलालने बावीस वर्षं काँक्रीट दुरुस्तीच केली होती. दोन्ही गुडघे त्या धक्क्याने खाल्ले म्हणून घरी बसला होता, एवढंच. आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की वरच्या काँक्रीटला बाहेर ढकलते, हे त्याने छिन्नी मारून मारून पाहिलं होतं. अशा खांबावर वरून सिमेंट थापायचं म्हणजे गळवावर पावडर लावायची.

म्हणून तर दोन महिन्यांपूर्वी या खांबाला उभी चीर गेली तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष किसन त्याच्याकडेच धावत आला होता. किसन मूळचा परभणीचा, इथे लूमच्या कारखान्यात सुपरवायझर. "हिलालभाऊ, तुम्हीच सांगा बुवा कसं करायचं ते. आमाला यातलं ओ की ठो कळत नाही."

हिलालने वहीचं पान फाडलं आणि चष्मा लावून कामाची यादी केली. आधी तुळयांखाली टेकू. मग पोकळ काँक्रीट पार सळईच्या मागपर्यंत तोडायचं. गंज घासायचा, झिजलेल्या सळईला नवी जोडायची, साचा बांधून नवं काँक्रीट ओतायचं. माणूस कसा निवडायचा तेही त्याने किसनला बजावलं. "जो खांबाला हात न लावता भाव सांगीन, त्याला चालता कर. जो आधी ठोकून पाहीन आणि वर कोण राहतं ते विचारीन, तो खरा कारागीर."

आणि तसा एक मिळालाही. गोपाल नावाचा. अर्धा तास तो खांब हातोडीने ठोकून ऐकत होता, तुळईचं पोटसुद्धा त्याने सोडलं नाही. चौदा टेकू लागतील म्हणाला, आणि या खांबाच्या अगदी वर, पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या मालतीबाईंना काम होईपर्यंत लेकाकडे पाठवा म्हणाला. हिलालला वाटलं, गंगेत घोडं न्हालं!

कसलं न्हातंय! बैठकीच्या दिवशी नेमका रामदास हिलालकडे जेवायला आलेला. जेवून तोही खाली येऊन बसला. आयुष्यभर रो-हाऊसांना प्लास्टर करणारा माणूस, पण तोंडाचा पट्टा असा की विचारू नका. खांबाकडे लांबूनच बघून म्हणाला, "हे तर दोन दिवसाचं काम." झालं. किसनचा चेहरा फुलला. "अहो, हिलालभाऊंचे व्याही असताना बाहेरचा माणूस कशाला? हिलालभाऊंचा मान राहायला पाहिजे का नको?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्याही मांडीला मांडी लावून बसलेला, वीस घरं तोंडाकडे बघतायत. हिलालने मान डोलावली. भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही. त्या दिवसापासून त्याला रामदासचा राग होताच, पण त्याहून जास्त राग स्वतःच्या त्या मानेचा होता.

आत्ताही तो तोंडातल्या तोंडात शिव्या घालतच जिना चढला. त्याच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, दारातच अडवलं.

"एक शब्द बोलू नका त्याले. आखाजी बारा दिवसवर उनी शे."

"मंग?"

"मंग काय! याही रुसना तर पोरले धाडतीन का ते?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात. दिवाळीचं एक वेळ चालेल, पण आखाजी चुकली तर आई वर्षभर उसासे टाकते. धनश्रीची लग्नानंतरची पहिली आखाजी नणंदेच्या लग्नात गेली होती. या वर्षी ती पहिल्यांदाच आखाजीला माहेरी येणार होती. प्रमिलाबाईंनी साडी घेऊन ठेवली होती, बांगड्या घेऊन ठेवल्या होत्या.

"आणि खांब पडना तर?" हिलाल ओरडला.

"इतला वरीस उभा शे ना? आखो उभा ऱ्हाई!"

जिच्या पोटात लेकीसाठी तुटतंय, तिला सळई कशी समजवायची? हिलाल न जेवता तसाच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खांब तयार झाला. तयार कसला, नवरदेव झाला! गुळगुळीत प्लास्टर, वर पांढरा हात मारलेला. संध्याकाळी किसनने पार्किंगमध्ये टेबल मांडलं. शाल, फुलांचा हार, नारळ. व्याहीबुवांचा सत्कार! बायका-पोरं जमली. मालतीबाईसुद्धा कठड्याला धरून खाली आल्या. रामदासच्या खांद्यावर शाल पडली आणि किसनने नारळ हिलालच्या हातात दिला.

"नारळ मात्र हिलालभाऊंनीच फोडायचा. त्यांच्याच घरचं काम!"

कोणीतरी नारळ फोडायला रामदासच्याच कामगाराचा हातोडा पुढे केला. हिलालने तो घेतला. एकदा प्रमिलाबाईंकडे पाहिलं. त्यांना नवऱ्याचे डोळे कळत होते. त्यांनी मानेनेच नको, नको केलं.

हिलालने नारळ टेबलावर ठेवला आणि हातोडा खांबावर मारला.

पहिल्या घावाला पोकळ आवाज आला. दुसऱ्या घावाला हातभर प्लास्टर फुटलेल्या पापडासारखं खाली आलं. आत लाल गंजाचे पापुद्रे, आणि अंगठ्याएवढी सळई झिजून झिजून पेन्सिलीएवढी राहिलेली. पुढे उभी असलेली माणसं दोन पावलं मागे सरली.

"बघा!" हिलालचा आवाज चिरकला. "बघून घ्या सगळे. वरून कीर्तन, आतून तमाशा! यावर पाच मजले उभे आहेत!"

"अगं बाई," मालतीबाई पुटपुटल्या, "हिच्यावर निजत होते का मी?"

रामदास शाल ओढून ताडकन उठला. "तुम्हनी आंडेर मन्हा घरमा शे. भुली ग्यात का?"

लेकीचं नाव भर लोकांत धमकीसारखं निघालं, तसा हिलालने हातोडा टेबलावर ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नही भुलनू. म्हनीसन तर काल गप बसनू. त्यानीच लाज वाटी राहिनी मले." आणि किसनकडे वळला. "आणि तू रे? माझा मान राखायला वीस घरं टांगणीला लावलीस? माझा मान घाल चुलीत! उद्या सकाळी गोपालला बोलव!"

रामदासने शाल खुर्चीवर फेकली, माणसं गोळा केली आणि मागे न बघता निघून गेला. प्रमिलाबाई जिना चढून वर गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, तोंडातून शब्द नाही.

गोपाल आला. चौदा टेकू लागले, मालतीबाई लेकाकडे गेल्या, तोडकाम झालं, नव्या सळया बसल्या, काँक्रीट भरलं. हिलाल रोज खुर्ची टाकून समोर बसायचा आणि गोपालच्या माणसांनासुद्धा सुखाने श्वास घेऊ द्यायचा नाही. बमरोलीहून जावयाचा निरोप आला, दोन ओळींचा. धनश्री येणार नाही, पुढच्या वर्षाचंही धरू नका.

आखाजीच्या दिवशी सोसायटीत लेकींची गर्दी झाली. मैदानातल्या कडुलिंबाला झोका बांधला होता आणि पोरी तिथे गाणी म्हणत होत्या. हिलाल पार्किंगमध्ये नव्या खांबाला गुंडाळलेल्या गोणपाटावर मगने पाणी टाकत होता. ऊन असं की गोणपाट घटकाभरात वाळत होतं, आणि नवं काँक्रीट ओलं ठेवलं नाही तर कच्चं राहतं. एवढ्यात प्रमिलाबाई खाली आल्या. हातात फोन होता.

"घ्या," त्या म्हणाल्या. "पोर शे."

हिलालने ओला हात सदऱ्याला पुसला. "बोल, माय."

"आप्पा, टेकू लावात का?" धनश्री हळू आवाजात बोलत होती. आसपास कोणीतरी असावं.

"लावात. चौदा."

"आणि खांब?"

"भरना. आते पानी मारी राहिनू."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला, कोणीतरी तिला हाक मारली. "मी येवाव नही, आप्पा," ती घाईने म्हणाली.

"मालूम शे."

"तुम्ही पानी मारानं सोडू नका."

फोन बंद झाला. हिलाल तो कानाला तसाच लावून उभा राहिला, कारण खाली घेतला असता तर लोकांना त्याचं तोंड दिसलं असतं. जरा वेळाने तो वळला. प्रमिलाबाईंनी पदर खोचला होता. त्यांनी बादली खांबाच्या पलीकडे ओढून नेली होती आणि गोणपाटाची कोरडी बाजू हाताने चाचपत तिच्यावर पाणी टाकत होत्या.