सगळ्यांना दोनरंगी

पाक दार्सोनोंनी, म्हणजे दार्सोनोकाकांनी, सलग तिसऱ्या वेळी डॉक्टरांना खोटं सांगितलं, ते केवळ डॉक्टरांचं मन मोडू नये म्हणून.

"कसं वाटतंय, पाक?" डॉ. रेत्नानिंग यांनी विचारलं होतं.

"छान आहे, बू डॉक्टर," असं डॉक्टरीणबाईंना सांगून त्यांनी सलाक फळांची पिशवी टेबलावर ठेवली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

दार्सोनो होल्यांच्या, म्हणजे कबुतराच्या जातीतल्या घुमणाऱ्या पक्ष्यांच्या, स्पर्धेचे परीक्षक. जावा बेटावरच्या योग्याकर्ता शहराच्या उत्तरेला, सलाकच्या बागांना लागून मैदान आहे. दर रविवारी सकाळी तिथे उंच खांबांवर दोरीने पिंजरे चढवतात. वर होला घुमला की खाली उभा असलेला परीक्षक खांबाला झेंडी लावतो. बरा घुमला तर एकरंगी, चांगला घुमला तर दोनरंगी, आणि अंगावर काटा आला तर चौरंगी. मालक लोक मंडपात कॉफी पीत बसतात आणि आपला पक्षी किती सामान्य आहे हे एकमेकांना अशा सुरात सांगतात, की ऐकणाऱ्याने जळून खाक व्हावं.

दोन वर्षांपूर्वी दार्सोनोंना सगळे होले सारखेच वाटायला लागले. ऐकू सगळं येत होतं, भिडत काहीच नव्हतं. जेवणाचंही तेच, नातवंडांचंही तेच. डॉ. रेत्नानिंगनी नैराश्य म्हणून निदान केलं, गोळी दिली, आणि दीड महिन्यात होले पुन्हा वेगवेगळे घुमायला लागले. पुढचं दीड वर्ष मजेत गेलं. मग गोळी तीच, वेळ तीच, आणि कान पुन्हा कोरडा. दार्सोनो सगळ्यांना सरसकट दोनरंगी झेंडी लावत सुटले. मालकांना वाटलं, वयानुसार माणूस समतोल झाला.

बायको मात्र फसली नाही. तिउर्मा बाटाक जमातीची, सुमात्रातल्या मेदानकडची. घराला आग लागली तर बाटाक माणूस 'आग!' म्हणून बोंबलतो. जावाचा माणूस शेजाऱ्याला विचारतो, 'आज जरा उकडतंय, नाही?' चौतीस वर्षांच्या संसारात हा फरक तसूभरही कमी झाला नव्हता.

"पा, डॉक्टरीणबाईंना काय सांगितलंत?"

"छान आहे म्हटलं."

"छान? आंघोळीला निघता ते मेरापीचा डोंगर चढायला निघाल्यासारखे, आणि म्हणे छान!"

"अगं मा, गोळी लागू पडली तेव्हा बाईंना किती आनंद झाला होता. आता 'तुमची गोळी बाद झाली' असं कुठल्या तोंडाने सांगू?"

"याच. दुसरं आहे का तुमच्याकडे?"

वार्षिक स्पर्धा अडीच महिन्यांवर होती. बावीस वर्षं ज्या मैदानावर काढली, तिथे बहिऱ्या मनाने झेंड्या लावायच्या, ही फसवणूक दार्सोनोंना सहन होईना. त्यांनी राजीनामा लिहून ठेवला होता. तो इतका नम्र होता की वाचणाऱ्याला ते आमंत्रणच वाटलं असतं.

"आधी डॉक्टर, मग राजीनामा," तिउर्मा म्हणाली. "नाहीतर मी येते तुमच्याबरोबर आत, आणि मग बघा."

या धमकीने दार्सोनो दुसऱ्या आठवड्यातच पुन्हा दवाखान्यात हजर झाले.

डॉ. रेत्नानिंगही जावाच्याच. हे गृहस्थ दर खेपेला सुकत चाललेत हे त्यांना दिसत होतं, पण वडीलधाऱ्या माणसाला 'खरं बोला' म्हणायचं कसं? त्यामुळे तीन भेटी दोघांनी एकमेकांची मनं जपली. आजाराकडे लक्ष द्यायला कुणी उरलं नाही.

"रविवारी कोण जिंकलं, पाक?" आज त्यांनी आडून विचारलं.

"सगळ्यांना दोनरंगीच. चिठ्ठी टाकून काढला नंबर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या वडिलांकडेही होले होते. सगळ्यांना दोनरंगी असा रविवार त्यांच्या हयातीत उगवला नाही." मग त्यांनी गोळ्यांची रिकामी पट्टी पेनांच्या उभ्या डब्यावर आडवी ठेवली. "हा खांब समजा. वर गोळी घुमतेय. परीक्षक म्हणून सांगा, कुठली झेंडी?"

आता आली पंचाईत. माणूस म्हणून दार्सोनो कितीही खोटं बोलले असते, पण खांबाखाली खोटं बोलायचं नाही अशी त्यांनी शपथ घेतली होती. त्यांनी सवयीने मान तिरकी केली.

"माफ करा, बू डॉक्टर," ते पुटपुटले. "झेंडीच नाही. चार महिने झाले."

"सुटले बाई!" डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"गोळी काय मी घरी वळते? लागू पडलेलं औषध पुढे कधी कधी पडेनासं होतं. त्यात कुणाचा अपमान नाही. आपण बदलू. फक्त जुनी एकदम सोडायची नाही. पिंजरा खाली घेताना तुम्ही दोरी हातातून सोडून देता का?"

"छे छे! वीत वीत सोडायची."

"तसंच. जुनी थोडी थोडी उतरवायची, नवी थोडी थोडी चढवायची. सुरुवातीला मळमळेल, झोप बिघडेल. फरक पडायला महिना-दीड महिना लागेल, आणि हीच लागू पडेल अशी हमी नाही. नाही पडली तर अजून वाटा आहेत. जिवाचं काही वेडंवाकडं मनात आलं, तर मात्र त्याच क्षणी फोन. आणि पुढच्या वेळी बू तिउर्मांना बरोबर आणा."

"ती फार मोठ्याने बोलते हो."

"म्हणूनच."

पहिला आठवडा मळमळण्यात गेला. दुसऱ्यात स्वप्नं पडली. एकात राज्यपाल स्वतः खांबावर चढून घुमत होते. तिसऱ्या, चौथ्या आठवड्यात काहीच झालं नाही, आणि तिउर्माने डॉक्टरांसमोर ते सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं सांगितलं. डॉक्टरांनी मात्रा थोडी वाढवली. सातव्या आठवड्यात दार्सोनो जेवता जेवता म्हणाले, "मा, आमटी खारट झालीय." तिउर्मा आत जाऊन डोळे पुसून आली आणि मग त्यांच्यावर खेकसली.

वार्षिक स्पर्धेला ते परीक्षक म्हणून उभे राहिले. एका बड्या ठेकेदाराचा होला नक्षीदार पिंजऱ्यात घुमला. सुरुवात झोकात, शेवट तुटका. दार्सोनोंनी एकरंगी लावली. शेजारच्या खांबावर पंक्चर काढणाऱ्या एका लेकुरवाळ्या माणसाचा होला होता. तो घुमला, आणि दार्सोनोंच्या मनगटापासून खांद्यापर्यंत काटा सरकत गेला. ते तसेच उभे राहिले, झेंडी लावायचंही विसरून.

"पाक, दोघांनाही दोनरंगी देऊन टाका," जोडीचे परीक्षक मुल्यार्तो कुजबुजले. "सगळ्यांनाच बरं वाटेल."

"मला नाही वाटणार," दार्सोनो म्हणाले आणि चौरंगी लावली.

सुट्टीत ठेकेदार हात जोडून आले. "पाक, आपल्या कानाबद्दल मला नितांत आदर आहे. तो अलीकडे तपासून घेतला होता का?"

"कान ठीक होता," दार्सोनो म्हणाले. "मन आजारी होतं. औषध बदललं, आता बरंय."

मंडपातले कॉफीचे पेले जागच्या जागी थांबले. जावाच्या माणसाने असं सरळ वाक्य बोलल्याचं त्या मैदानाला आठवत नव्हतं. ठेकेदारांनी इकडेतिकडे पाहिलं, दार्सोनोंना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"कुठल्या डॉक्टर हो? म्हणजे... माझ्या मेहुण्यासाठी विचारतोय."

दार्सोनोंनी पत्ता दिला, दवाखान्याची वेळ सांगितली. झेंडी मात्र एकरंगीच राहिली.