रुमालाखालचा चीन

आमच्या आबांचा टरबुजावर विश्वास होता, बैलावर होता, अगदी तापीच्या पुरावरसुद्धा होता. फक्त माझ्या मार्कांवर नव्हता.

सहावीच्या सहामाहीत मला इतिहासात शंभरात ब्याण्णव मिळाले. तळोद्याच्या शाळेत एवढे कुणाला मिळत नसत. मी फुईकडे, म्हणजे आत्याकडे, राहून शिकत होते. सुट्टीत गावी आले आणि कागद आबांसमोर धरला. मॅट्रिकनंतर पुण्याला कॉलेजात जायचं, हे मी मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. आबांनी कागद पाहिला आणि पुन्हा बैलाच्या शिंगांना तेल लावायला लागले.

"कोकिळा, हाई मार्क तुले मन्हा टरबूजसनी दिधात," ते म्हणाले.

दर उन्हाळ्यात नदीच्या वाळूतल्या आमच्या वाडीतली टरबुजांची पहिली गाडी शाळेत जायची, हे खरं. मास्तर लोक ती आवडीने खायचे, हेही खरं. पण टरबूज खाऊन कुणी ब्याण्णव देतं का? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"खोटा मापवर पोरले इतली लांब धाडाऊ नही," आबा म्हणाले. "तठे तुले लोक हसतीन." त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरी काळजी होती. म्हणून तर मला जास्त लागलं.

तळोद्याला परतल्यावर मी रेवजी मास्तरांपुढे बसून रडले. आम्हाला इतिहास तेच शिकवायचे. पुस्तकात चीन नव्हताच, पण चीन-जपानची लढाई पेपरात यायला लागल्यापासून मास्तरांना चीनचं वेड लागलं होतं. अकबर शिकवता शिकवता ते पेकिंगला कधी पोचायचे, त्यांनाही कळायचं नाही. त्यांच्यामुळे मलाही ते वेड लागलं.

"रडू नकोस," ते म्हणाले. "चिनी बादशहांनी यावर कधीच उपाय काढलाय. उमेदवाराचं नाव झाकायचं. मग सबंध पेपर दुसऱ्याच्या हाताने तांबड्या शाईत उतरवून घ्यायचा. तपासणाऱ्याला ना नाव दिसतं, ना अक्षर ओळखू येतं."

पुढच्या खेपेला मी हे आबांना सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलला.

"म्हंजे चीनमा बी रुमाल टाकतस?"

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्यांना काही कळत नाही. एकदा ठरलेला सौदा कुणी फिरवत नाही. आबांचा सगळा जन्म त्या रुमालाखाली गेला होता. चीन त्यांना एका क्षणात पटला.

मग काय, आबांनी कारभार हातात घेतला. इतिहासाचे पेपर चिनी रीतीने तपासा म्हणताच हेडमास्तर आधी हसले, पण आबांचा चेहरा पाहून हो म्हणाले. वार्षिक परीक्षेचे इतिहासाचे पेपर नंदुरबारचे एक म्हातारे मास्तर तपासणार, असं ठरलं. रेवजी मास्तरांनी नावं कापून नुसते आकडे घातले आणि गठ्ठा आबांकडे दिला. त्या वर्षीची टरबुजांची गाडी मात्र आबांनी निकालापर्यंत रोखून धरली. मास्तर लोकांचे हाल मला बघवत नव्हते.

नक्कल झाली ती फुईच्या ओट्यावर. मी त्याच घरात राहत होते. चीनच्या बादशहाने आम्हा सगळ्यांची मुंडकी उडवली असती. बैलबाजारातला दलाल वाहरू पेपर मोठ्याने वाचत होता आणि आबा तांबड्या शाईत उतरवत होते. अक्षर कुणाचं हे त्यांना दिसू नये, म्हणून ही युक्ती त्यांचीच. मी आत चुलीपाशी भाकरी थापत होते आणि कान बाहेर होते.

पेपरात मास्तरांनी चीनचा एक प्रश्न घातलाच होता. पीत नदीला चीनचं दुःख का म्हणतात? बहुतेकांनी दोन ओळींत आटपलं होतं. आणि मग वाहरू माझा पेपर वाचायला लागला. त्या नदीला एकाने बांध घातले आणि ते वाहून गेले. त्याच्या मुलाने बांध सोडून पाट खणले. काम सुटू नये म्हणून तो स्वतःच्या दारावरून गेला, पण आत पाऊल टाकलं नाही. पाण्याला अडवलं तर ते चिडतं, वाट दिली तर शेताला लागतं. आमच्या तापीचंही तसंच आहे.

आबांचा टाक थांबला. माझे हातही थांबले. दर पावसाळ्यात त्यांचा वाळूतला बांध वाहून जायचा.

"परत वाच," आबा म्हणाले. वाहरूने परत वाचलं.

"वाहरू, हाऊ पोऱ्या कोना शे? याले कालेजमा धाडालेच पाह्यजे. मन्हा ऱ्हाता तर मी उद्याच धाडता."

"नाव रुमालखाल शे, शेठ."

तव्यावरची भाकरी जळत होती. मी तशीच पिठाचे हात घेऊन दारात आले.

"आबा," मी म्हणाले, "त्याना बाप मन्हा समोरच बठेल शे."

वाहरूने पेपर खाली ठेवला आणि मांडीवर थाप मारून हसत सुटला. "सौदा व्हयना, शेठ." आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, टाक बुडवला आणि खाली मान घालून पुढचं उतरवायला लागले. कान मात्र लाल झाले होते. फुईने जळकी भाकरी मलाच वाढली आणि मी ती आनंदाने खाल्ली.

निकालाला आबा स्वतः आले. डोंगरसिंग नावाचा मुलगा पहिला आला. मी दुसरी. मला अठ्ठ्याहत्तर होते. ब्याण्णव खरंच टरबुजांचे होते की काय? वर बघायची हिंमत होईना.

आबा रेवजी मास्तरांना विचारत होते, पुण्याला मुली राहतात कुठे, तिथे जेवण कसं असतं. बाहेर टरबुजांची गाडी उभी होती.

"आबा, मन्हा नंबर ग्या," मी म्हणाले.

"नंबर मास्तरना," आबा म्हणाले. "सौदा मन्हा."