चारा आत, मावशी बाहेर

मास्क नाकावर घ्या आधी. हनुवटीला काय सर्दी झालीय का तुमच्या? हं. आता बसा त्या विटांवर. मीटिंगला वेळ आहे अजून, श्यामकांतराव आत खुर्च्या लांब लांब मांडतायत. तोवर तुम्हाला या तळ्याची अशी गोष्ट सांगते, की आत जाऊन हात वर करायचा की खाली ठेवायचा, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

तुम्ही लॉकडाऊनच्या तोंडावर आमच्या या गळवाल्यांच्या क्लबाचे मेंबर झालात, तुम्हाला मी कशी माहीत असणार? मी द्वारका. दिल्लीत द्वारका नावाची वस्तीच आहे, त्यामुळे नाव सांगितलं की लोक विचारतात, "कौनसा सेक्टर?" हसा, हसा. मी भंडाऱ्याकडची. तिकडे गावागावाला तलाव, चालायला लागायच्या आधी गळ हातात. इकडे आले ती नवऱ्याच्या नोकरीपायी. जन्म गेला कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटण्यात. नवरा गेला, मी फरिदाबादला मुलाकडे आले, आणि मग हे तळं सापडलं. सोमवार ते शनिवार मी कोणाची सासू, कोणाची आजी. रविवारी इथे गळ टाकून बसले की मी कोणाची कोणी नाही. ते सुख तुम्हाला काय सांगू!

आता आमची रीत ऐका. बाकीच्या क्लबात गळाला लावायचा चारा जो तो आपला आपण आणतो. आमच्याकडे पूर्वी तसंच होतं. एक जण वेलची लपवून आणायचा, दुसरा तूप, आणि माशांवरून माणसं भांडायची. एकदा तर दोघं तळ्यात पडले. मग ठरलं, सगळ्यांचा चारा एका परातीत, एका हातचा. आटा, भाजलेलं बेसन, सरसोंची पेंड, गूळ. हात माझा. आणि जो चारा मळतो, तो पहिली मूठ पाण्यात टाकतो, मगच बाकीच्यांचे गळ पडतात. मोठमोठे अफसर माझी मूठ पडायची वाट बघत बसायचे.

मग कोरोना आला, गेटला कुलूप लागलं. बरोबरच होतं, मी ब्र काढला नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला. नवरात्रात श्यामकांतरावांनी, ते आमचे सेक्रेटरी, मोबाईलवर नियम धाडले. सुनेनं वाचून दाखवले. दोन माणसांत दोन काठ्यांचं अंतर. चांगलं. डबा वाटून खायचा नाही. चांगलं. गेटवर ताप मोजणार. बिल्कुल चांगलं. पासष्टच्या वरच्यांना प्रवेश नाही. मी सहासष्टची. आणि सगळ्यात खाली काय? "चारा नेहमीप्रमाणे द्वारका मावशींनी मळून पाठवावा."

मी म्हटलं, पुन्हा वाच गं. तिनं पुन्हा वाचलं. तेच होतं!

लावला फोन. "काय हो श्यामकांतराव, माझे हात पासष्टच्या आतले आहेत का?"

"मावशी, तसं नाही हो. तुमच्या काळजीपोटीच..."

"माझी काळजी आणि माझाच चारा? मासे म्हणाले का, आम्हाला मावशीचंच पाहिजे?"

"वरून सूचना आहेत, मावशी."

"तळ्याच्या वर तर बगळे असतात. त्यांनी दिल्या?"

फोन कट.

मग गुलाबरावांना लावला. ते बहात्तरचे, गाझियाबादला नवव्या मजल्यावर राहतात. रेल्वेतून रिटायर. म्हणाले, "जाऊ द्या, द्वारकाबाई. मुलगा रागावतो. मी बाल्कनीत गळाची काठी घेऊन बसतो ना रोज."

"तिथून काय पार्किंगमधली मारुती पकडणार?"

हसले नाहीत हो. हा माणूस जोक सांगायच्या आधीच स्वतः हसायचा. तेव्हा मला भीती वाटली. कोरोनाची वाटली नव्हती तेवढी.

रविवारी मी निघाले. सगळे नियम पाळून, बरं का. हाताला पिशव्या बांधून चारा मळला, एकेकाचा गोळा भुट्ट्याच्या सालीत वेगळा बांधला. इथे रामफल चौकीदारानं ते ताप मोजायचं पिस्तूल कपाळावर धरलं.

"टेंपरेचर तो ठीक सै, अम्मा," म्हणतो. "उमर ठीक ना सै."

मी परात मांडीवर घेऊन इथेच, या जागी बसले. म्हटलं, चारा जाईल तर माझ्यासकट जाईल.

श्यामकांतराव आले. लांबच उभे राहिले. "मावशी, तमाशा करू नका, प्लीज."

"तमाशा तुम्ही मांडलाय, मी नुसती बसलेय."

तेव्हा त्यांनी मास्कच्या आडून हळूच सांगितलं. मे महिन्यात वडील गेले त्यांचे. "ऑफिसातून मीच घरी आणला तो, मावशी. मीच दिला त्यांना."

माणूस रडत होता आणि मला पाठीवर हात ठेवता येत नव्हता. मग मी बोलले. सोडून दिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण बोलले. "श्यामकांतराव, तुमचं दुःख फार मोठं आहे. त्याचं कुलूप माझ्या गेटला लावू नका. बंद खोलीत गेले तुमचे बाबा. इथे आभाळ आहे. आम्हा म्हाताऱ्यांना उजाडता उजाडता येऊ द्या, तुम्ही मागून या. पलीकडचा काठ आमचा, अलीकडचा तुमचा. समोरासमोर येणारच नाही. मरायचं असेल तर टीव्हीसमोरही मरतो माणूस."

ते म्हणाले, "मी एकटा नाही ठरवू शकत. मतं घेऊ." आणि गेट लावून आत गेले.

आतल्यांनी गळाला ब्रेड लावला! गेटच्या फटीतून दिसलं, माझ्या डोळ्यांदेखत! कोणी मान वर करून बघितलं नाही. तेवढ्यात ऑटो थांबली. गुलाबराव उतरले, हातात काठी. मुलाशी भांडून आले होते. रामफलनं त्यांनाही अडवलं, तर माझ्यापासून दोन काठ्या सोडून बसले, तिकडे, खांबाशी. समोरून रामफलच्या म्हशी तळ्यात उतरत होत्या.

"बघा, द्वारकाबाई," म्हणाले, "म्हशीला कोणी वय विचारत नाही." आणि हसले. आधी हसले, मग बोलले, पहिल्यासारखे.

दुपारपर्यंत बसलो आम्ही. काठ्या कोरड्या. चारा शेवटी म्हशींना घातला. त्यांनी परात चाटूनपुसून साफ केली.

आज ते मत आहे, आम्हाला आत घ्यायचं ज्याला पटेल त्यानं हात वर करायचा. आम्हाला आत यायची बंदी, म्हणजे मतालाही बंदी. आमच्यावर मत, आणि आम्हीच बाहेर! यार, हा कुठला न्याय? गुलाबराव येतीलच आता. आज मुलगा सोडायला येतोय त्यांना. हरलो तरी पुढच्या रविवारी आम्ही इथेच बसणार, त्याच्या पुढच्याही. परात धुऊन ठेवलीय.

चला, बोलावतायत तुम्हाला. म्हातारीची दया आली म्हणून हात वर करू नका हं, मला नको ती. पटलं असेल तर करा. नसेल पटलं तर खाली ठेवा, तेही चालेल. फक्त एक करा. आत जाताना गेट ओढून घेऊ नका. कोणाचा हात वर आहे आणि कोणाचा खाली, ते मला इथून दिसू द्या.